धाकलीबाईंची शेड

पहिल्याच दिवशी धाकलीबाईंनी मला दंडाला धरून शेडच्या बाहेर काढलं होतं. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. बाहेर आणून सोडलं आणि त्या पुन्हा आत गेल्या.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. शेतकीची पदवी आणि कुक्कुटपालनाचा एक लहानसा अभ्यासक्रम एवढ्यावर सबनीस साहेबांनी मला त्यांच्या पोल्ट्रीचा व्यवस्थापक म्हणून ठेवून घेतलं होतं. साहेब एका रसायनांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की शिरढोणच्या अलीकडे डांबरी सोडून आत त्यांनी जागा घेतली होती. चार लांब शेड, खाद्याचं गोदाम, विहीर आणि कुंपणापलीकडे भातखाचरं. अठ्ठ्याऐंशी साल असावं. मी नवा पांढरा शर्ट घालून गेलो आणि पहिल्या शेडचं दार धाडकन उघडून आत शिरलो. आतल्या हजारभर कोंबड्या एकदम उठल्या आणि पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन एकमेकींवर चढल्या. हातातलं दाताळं टाकून एक उंच बाई त्या ढिगाकडे धावली. दोन्ही हात आत घालून ती वरच्या कोंबड्या उचलून बाजूला ठेवत गेली. तळाशी तीन गुदमरून मेलेल्या निघाल्या. मग तिने माझा दंड धरला.

"आत यायच्या आदी दार वाजवायचा," ती बाहेर म्हणाली. "कोन येतंय ते त्यांना कलाया पायजे."

मला राग आला होता. मी व्यवस्थापक होतो आणि ती रोजावरची बाई. पण दोन दिवसांत माझ्या लक्षात आलं की इथे दार वाजवल्याशिवाय कोणीच आत जात नाही. खाद्याची पोती आणणारा टेम्पोवाला जात नाही, खुद्द सबनीस साहेबही नाहीत. बोटाच्या पेराने पत्र्यावर दोनदा टकटक करायची, जरा थांबायचं आणि मग आत पाऊल टाकायचं. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. तो धाकलीबाईंचा होता.

नाव धाकलीबाई, धाकलीबाई घरत, पण बाई सहज पुरुषभर उंच. आगरी पद्धतीचं, गुडघ्यापर्यंत घट्ट आवळून नेसलेलं लुगडं, मशेरीने काळे झालेले दात, आणि हात मात्र अंगाच्या मानाने लहान. वय त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं, मी पन्नाशी धरली. सासर कळंबोलीकडचं. तिथली शेती नव्या शहरासाठी गेली आणि ज्या खाचरात त्यांनी भात लावला होता तिथे पुढे लोखंडी सळ्यांचे ढीग लागले. नवरा त्याआधीच वारलेला, मूलबाळ नाही. मग त्या भावाकडे शिरढोणला आल्या आणि पोल्ट्रीवर लागल्या. हे सगळं मला त्यांच्या भावजयीने सांगितलं, तीही आमच्याकडेच अंडी गोळा करायला होती. धाकलीबाई स्वतः या विषयावर एकदाच बोलल्या. जमीन गेली त्याच आठवड्यात बैल विकले, आणि घेणाऱ्याला गाव कोणतं ते विचारायचं राहून गेलं, एवढंच म्हणाल्या. जमिनीपेक्षा हे राहून गेल्याचं त्यांना जास्त लागलं असावं.

त्यांना बसवत नसे. दुपारी बाकीच्या बायका विहिरीजवळच्या आंब्याखाली आडव्या व्हायच्या तेव्हाही धाकलीबाई शेडमध्ये असायच्या. तेव्हा आमच्याकडे गादी पद्धत होती. जमिनीवर भाताच्या तुसाचा जाड थर घालायचा आणि त्यावर कोंबड्या मोकळ्या सोडायच्या. हा थर रोज खालीवर करावा लागतो, नाहीतर ओल धरतो, झोंबरा वास सुटतो आणि कोंबड्यांचे डोळे येतात. धाकलीबाई दाताळं घेऊन एका टोकापासून सुरू करायच्या आणि दुसऱ्या टोकाला पोहोचल्या की मागे वळून पुन्हा सुरू. मधेच मूठभर तूस उचलून दाबायच्या, नाकाशी न्यायच्या. मुठीत गोळा झाला की कपाळाला आठी. मी एकदा विचारलं, जरा बसत का नाही. त्या म्हणाल्या, बसलं की मागून कोणीतरी हाक मारतंय असं वाटत राहतं.

माझं सगळं ज्ञान पुस्तकातलं. अमुक वयाच्या कोंबडीला अमुक इतकी जागा पुरते, अमुक इतकं खाद्य पुरतं, असं मी ठामपणे सांगायचो. त्यावर त्यांचा एकच प्रश्न असे. "बगून आलात, मास्तर?" मी चष्मा लावायचो आणि सारखं काहीतरी लिहीत असायचो म्हणून मी मास्तर. सुरुवातीला मला तो टोमणा वाटे. पण त्यांना खरोखरच माहीत करून घ्यायचं असे की मी जाऊन पाहिलं का. पाहिलं असेल तर त्या लगेच मान्य करायच्या. एका शेडमध्ये अंडी कमी पडत होती. पाण्याची भांडी उंचावर टांगली गेली आहेत असं मी म्हणालो. बगून आलात? हो म्हणालो, लहान चणीच्या कोंबड्या माना ताणून परत फिरताना दिसल्या. त्यांनी त्याच मिनिटाला सगळी भांडी खाली घेतली, आणि संध्याकाळी माझ्यासाठी घरून चार बोंबील भाजून पाठवले.

कोणी त्यांना प्राणिप्रेमी वगैरे म्हटलं असतं तर त्यांना तो शब्दच कळला नसता. कोंबड्यांना त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत. पाहुणे आले की घरची कोंबडी त्या स्वतः कापायच्या आणि चवीने खायच्या. एकदा सबनीस साहेबांचे मित्र मुंबईहून कुटुंबासकट पोल्ट्री बघायला आले होते. त्यांची पत्नी हळव्या मनाची. पिल्लं पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने धाकलीबाईंना विचारलं, यांना इतकं सांभाळायचं आणि मग खायचं, तुम्हाला काही वाटत नाही का? धाकलीबाईंनी बराच विचार केला. मग त्या म्हणाल्या, "मारताना मी तिला कुशीत धरतंय, बाय. एका दमात करतंय. तिला कलायच्या आदी सरलेला असतंय." त्या पाहुण्या बाईंना हे उत्तर फार क्रूर वाटलं. मोटारीत बसताना त्या तसं म्हणाल्याही. मलाही तेव्हा ते रांगडंच वाटलं होतं.

दोन वर्षांनी पिंजरे आले. आणले मीच, म्हणजे पैसे साहेबांचे आणि हट्ट माझा. मुंबईकडे अंड्यांचा खप वाढत होता, आजूबाजूचे सगळे पोल्ट्रीवाले पिंजऱ्यांकडे वळत होते. तारेच्या एका खणात चार कोंबड्या, पुढे खाद्याची पन्हळ, मागे पाणी, अंडं घरंगळत आपोआप बाहेर. तूस नको, ओल नको, दाताळं नको. तीन शेडमध्ये पिंजरे बसले, एक गादीची राहिली. धाकलीबाईंना मी मुद्दाम पिंजऱ्याच्या शेडवर घेतलं, कारण त्या तिथे चालवून घेतील तर बाकीच्या बायका काही बोलणार नाहीत असा माझा हिशेब होता.

पिंजऱ्यातल्या कोंबड्या एकमेकींना टोचून रक्तबंबाळ करतात म्हणून पिल्लं आठ-दहा दिवसांची असतानाच त्यांच्या चोची कापतात. तापलेल्या पात्याचं एक छोटं यंत्र येतं. एकाने पिल्लू धरायचं, एकाने चोच पात्याला लावायची. पात्याजवळ मी बसलो आणि पिल्लं धाकलीबाई देत होत्या. दोन दिवस त्यांनी काम केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या मला हाताने बोलावून घेऊन गेल्या. आदल्या दिवशीची पिल्लं पाण्याच्या भांड्यांभोवती उभी होती. मला वाटलं पाणी पितायत. त्या म्हणाल्या, नीट बघा. पिल्लं पीत नव्हती. कापलेली चोच पाण्यात बुडवून नुसती उभी होती, एकही हलत नव्हतं.

मी त्यांना सांगितलं की हे केलं नाही तर त्या पुढे एकमेकींना मारून टाकतील, आणि हे खोटं नव्हतं. धाकलीबाई म्हणाल्या, जागा नाही म्हणून टोचतात, खाली तुसावर कधी इतकं झालं होतं का? मी म्हणालो, खाली असताना रोग जास्त होता. हेही खोटं नव्हतं. त्यांनी मान डोलावली. उरलेली पिल्लं त्यांनी पुढे धरली, पण प्रत्येक पिल्लू झाल्यावर ते टोपलीत न टाकता आधी स्वतःच्या तळहातावर थोडा वेळ धरून ठेवायच्या. त्यामुळे एक दिवसाचं काम दोन दिवस चाललं. मी घाई केली नाही. तेवढंच मी केलं.

पिंजऱ्यांनी त्यांच्या हातातलं काम काढून घेतलं. उलटवायला तूस नव्हतं. रोज दोनदा पन्हळी भरायच्या, अंडी उचलायची, की झालं. बाकीच्या बायकांना ते सोयीचं वाटलं. धाकलीबाई मात्र पिंजऱ्यांच्या दोन रांगांमधल्या बोळातून दिवसभर येरझाऱ्या घालू लागल्या. हात कधी पाठीमागे, कधी पदरात, कुठे ठेवावेत ते कळत नसल्यासारखे. तारेवर उभं राहून राहून काही कोंबड्यांच्या पायांतला जोर जातो आणि त्या खणातच आडव्या पडतात. बाकीच्या तिघी त्यांच्यावर उभ्या राहतात. पुस्तकाप्रमाणे अशी कोंबडी काढून टाकायची. धाकलीबाई ती काढायच्या आणि गोदामाच्या मागे न्यायच्या. काही आठवड्यांनी मी तिकडे सहज गेलो तर पत्र्याच्या आडोशाला तूस पसरलेलं, त्यावर पंचवीस-तीस कोंबड्या. काही लोळत होत्या, काही उठून चालायला लागल्या होत्या. एक तर चक्क धुळीत अंग घुसळत होती. रोजच्या मर्तुकीच्या वहीत मी त्या सगळ्यांना मेलेल्या म्हणून लिहिलं होतं, कारण त्यांनी मला तसंच सांगितलं होतं.

मी वही तशीच चालू ठेवली. आमच्या दोघांत त्याबद्दल एक शब्दही झाला नाही, पण त्या दिवसापासून त्या मला आकडा सांगताना नजर चुकवायच्या नाहीत.

पुढची गोष्ट ब्याण्णवच्या उन्हाळ्याआधीची. दुसऱ्या नंबरच्या शेडमधल्या कोंबड्या म्हाताऱ्या होत चालल्या होत्या. अंडी घटली होती. अशा वेळी दोन वाटा असतात. एक म्हणजे सगळ्या मटणवाल्या व्यापाऱ्याला देऊन टाकायच्या. दुसरी म्हणजे त्यांना दहाएक दिवस उपाशी ठेवायचं, पहिले दोन दिवस पाणीही तोडायचं, शेडमध्ये अंधार करायचा. कोंबड्यांची पिसं गळतात, वजन उतरतं, आणि मग पुन्हा खाद्य सुरू केलं की त्या नव्याने अंड्यावर येतात. हे मी प्रशिक्षणात शिकलो होतो आणि साहेबांना मीच सुचवलं. साहेब जरा कचरले, पण सगळीकडे करतात म्हटल्यावर हो म्हणाले.

सोमवारी सकाळी मी धाकलीबाईंना सांगितलं, आजपासून दोन नंबरला खाद्य भरायचं नाही. किती दिवस, त्यांनी विचारलं. दहा. आणि पाणी? परवापासून देऊ. मग? मग पुन्हा अंडी. त्यांनी बगून आलात का हे विचारलं नाही. मी ते कधी पाहिलेलं नव्हतं, हे त्यांना ठाऊक असावं.

पहिल्या दिवशी गलका झाला. खाद्याच्या वेळेला कोंबड्या तारेवर धडका देत होत्या. दुसऱ्या दिवशी कोणी नुसतं हातात काही घेऊन शेडवरून गेलं तरी आतून तो आवाज उठायचा. बायका टोपल्या लांबच्या वाटेने नेऊ लागल्या. तिसऱ्या दिवशी पाणी दिलं, तेव्हा जरा वेळ शांतता झाली. चौथ्या दिवशी आवाज आपोआप कमी झाला, आणि ते जास्त वाईट होतं. पिसं गळून खालच्या जमिनीवर पांढरा थर साचत होता. रोज मी दहा कोंबड्या काढून वजन करायचो, किती उतरलं ते लिहायचो. धाकलीबाई सगळा वेळ बोळात होत्या. काम काही नव्हतं तरी.

पाचव्या दिवशी दुपारी त्यांची भावजय माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "वन्सं सोमवारपासून जेवल्या नायत. पानी घेतात वायच. घरात कोनाशी बोलत नायत. तुमी काय केलाव त्यांना?"

मी शेडमध्ये गेलो. दार वाजवायचं विसरलो होतो, पण एकही कोंबडी उठली नाही. धाकलीबाई शेवटच्या खणाशी पिंजऱ्याला टेकून उभ्या होत्या. डोळे आत गेले होते. मी म्हणालो, हे काय चालवलंय, तुम्हाला काही झालं तर? त्या मला समजावायला लागल्या. म्हणाल्या, यात राग नाही, नवस नाही, कोणाला धाक घालायचा नाही. जेवायला बसलं की घास तोंडापाशी थांबतो. जेवण करून त्या शेडमध्ये यायची लाज वाटते आणि शेडमध्ये आल्याशिवाय राहवत नाही, म्हणून जेवण राहतं, एवढंच.

मी सायकल मारत फाट्यावर गेलो आणि साहेबांना फोन लावला. संध्याकाळी ते स्कूटरवरून आले. चिडलेले होते. त्यांच्या कारखान्यात त्यांनी संप पाहिले होते, उपोषणं पाहिली होती, आणि त्यांना हे तसलंच काही वाटलं. शेडच्या दारातच ते म्हणाले, बाई, माझ्याविरुद्ध उपोषण करताय का?

"तुमच्यावर नाय, सायेब," धाकलीबाई म्हणाल्या. "तुमी जेवा."

साहेब वाईट माणूस नव्हते. ते खाली पोत्यावर बसले आणि शांतपणे त्यांना हिशेबाची बाजू सांगू लागले. हे नाही केलं तर उद्या व्यापाऱ्याचा टेम्पो बोलवावा लागेल. उपास काढला तर या कोंबड्या आणखी वर्षभर जगतील. तुम्हाला त्या मेलेल्या हव्यात का? मला वाटलं, आता या अडकल्या.

धाकलीबाईंनी एका खणात हात घातला, एक कोंबडी काढली आणि माझ्या हातात दिली. मी रोज वजनं करत होतो, पण काट्याच्या टोपलीत घालून. हातात धरली नव्हती. छातीचं हाड सुरीच्या पाठीसारखं बोटाला लागलं. कोंबडीने मान वळवून माझ्या शर्टाच्या गुंडीला चोच लावली. कापलेली चोच. ती गुंडी टिपायचा प्रयत्न करत राहिली.

"विका त्यांना," धाकलीबाई साहेबांना म्हणाल्या. "मारतील. पन एकदाच मारतील."

साहेब उठले, माझ्याकडे बघून म्हणाले, तू बघ काय ते, हे तुझं शास्त्र आहे, आणि स्कूटर घेऊन गेले. धाकलीबाई हात पुढे करून उभ्या होत्या. मला वाटलं त्या कोंबडी परत मागतायत. त्यांना गोदामाची किल्ली हवी होती. कुलूप तोडायला त्यांना वेळ लागला नसता, पण त्यांनी मागितली. मी दिली.

मी पोतं ओतायला निघालो होतो, त्यांनी अडवलं. एकदम खाल्लं तर गळ्याखालच्या पिशवीत खाद्य अडकून मरतील, म्हणाल्या. आधी पाणी. मग प्रत्येक खणापुढे एक मूठ, भिजवलेलं. पुन्हा दोन तासांनी एक मूठ. त्यांच्या त्या लहान हातांनी त्यांनी अख्ख्या शेडला मुठी घातल्या. मी मागून बादली धरून चालत होतो. त्या रात्री घरी जेवल्या असं भावजयीने दुसऱ्या दिवशी सांगितलं, भात आणि ताक.

याने काही फार चांगलं घडलं, असं मी सांगू शकत नाही. अर्धवट उपासाने पिसं धड गळली नाहीत, अंडी परत आली नाहीत. तीन आठवडे वाट पाहून साहेबांनी व्यापाऱ्याला बोलावलं. मला वाटलं त्या दिवशी धाकलीबाई येणार नाहीत. त्या सगळ्यांच्या आधी आल्या होत्या.

टेम्पोबरोबर तीन माणसं होती. त्यांची रीत ठरलेली. खणात हात घालायचा, मिळेल तो पाय ओढायचा, एका हातात चार-पाच कोंबड्या उलट्या लटकवायच्या आणि जाळीच्या खोक्यात भिरकावायच्या. उपासाने आधीच ठिसूळ झालेली हाडं. पहिल्याच फेरीत दोन-तीन पाय मोडल्याचा आवाज मी ऐकला. धाकलीबाई बोळाच्या तोंडाशी आडव्या उभ्या राहिल्या. त्यांनी त्या माणसांना सांगितलं, तुम्ही टेम्पोपाशी थांबा, कोंबड्या आम्ही आणून देतो. मुकादम हसला. म्हणाला, मावशी, कापायच्याच आहेत. त्या म्हणाल्या, माहीत आहे. बाजूला झाल्या नाहीत. मुकादमाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, त्या म्हणतात तसं करा.

मग त्या एकेक कोंबडी काढू लागल्या. दोन्ही हातांनी, पंख अंगाशी मिटून, मान वर. एक या काखेत, एक त्या काखेत. टेम्पोपर्यंत चालत जायचं, खोक्याच्या तोंडाशी वाकायचं, आत उभी करून ठेवायची. परत यायचं. थोड्या वेळाने भावजय उठून आली, मग आणखी एक बाई. हजारभर कोंबड्या. ऊन चढलं, टेम्पोची भरलेली खोकी त्यांनी गोणपाट ओलं करून झाकायला लावली. ड्रायव्हर दोनदा शिव्या घालून गेला, मुंबईला पोहोचायला उशीर होतोय म्हणून. मीही शेवटी वही ठेवून हात लावला. पहिली कोंबडी धरताना मी पंख नीट मिटले नाहीत तर त्यांनी माझी बोटं धरून जागेवर ठेवली. संध्याकाळी शेवटचं खोकं भरलं, टेम्पो डांबरीला लागेपर्यंत त्या फाटकात उभ्या राहिल्या, आणि मग विहिरीवर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. दोन्ही हातांवर नखांचे ओरखडे होते.

साहेबांनी त्यांना काढून टाकलं नाही. गादीच्या शेडवर परत दिलं, दाताळं परत हातात आलं. पण पूर्वीसारखं ते राहिलं नाही. त्या पिंजऱ्यांच्या शेडकडे जायच्या, दारापर्यंत, जरा कान द्यायच्या आणि परत फिरायच्या. दिवसातून दहा वेळा. एकदा मी विचारलं, आत काय ऐकता? त्या म्हणाल्या, काही नाही, आवाज आहे ना ते बघते. दिवाळीनंतर एक दिवस त्या आल्या नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. भावजय म्हणाली, आता येणार नाहीत. खाडीच्या बाजूला कोणा नातेवाइकाकडे राहायला गेल्या. गोदामामागच्या कोंबड्या त्यांनी जाताना टोपल्यांत घालून नेल्या होत्या. त्या माझ्या वहीत कधीच्या मेलेल्या असल्याने कोणी विचारायचा प्रश्नच आला नाही.

मीही फार काळ राहिलो नाही. पुढे साहेबांनी ती जागा गोदामांसाठी विकली. मी एका पिंजरे बनवणाऱ्या कंपनीत विक्रीच्या कामाला लागलो होतो. पगार चांगला होता. रत्नागिरीपासून नाशिकपर्यंत मी पोल्ट्रीवाल्यांना पिंजरे विकत हिंडत होतो, आणि मी उत्तम विक्रेता होतो, कारण गिऱ्हाईक शंका काढायच्या आधीच मला ती ठाऊक असायची. त्या सगळ्या शंका मी एकदा ऐकलेल्या होत्या.

नव्वदचं दशक संपत आलं असताना मी त्यांना शेवटचं पाहिलं. एप्रिल की मे, भर दुपार. पळस्पे फाट्यावर मी एसटीची वाट बघत पानाच्या टपरीच्या सावलीत उभा होतो. समोर रस्त्याच्या कडेला कोंबड्यांनी भरलेला एक टेम्पो उन्हात लावलेला होता. खोक्यांतल्या कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकत होत्या. ड्रायव्हर हॉटेलात चहा पीत बसला होता. असे टेम्पो मी रोज पाहत असे.

शिरढोणच्या बाजूने एक उंच म्हातारी चालत आली. केस पांढरे झाले होते, पाठीला बाक आला होता, पण चालीवरून मी लगेच ओळखलं. ती टेम्पोपाशी थांबली. खोक्यांकडे एकदा पाहिलं आणि सरळ हॉटेलात गेली. ती काय बोलली ते मला रस्त्याच्या या बाजूला ऐकू आलं नाही. ड्रायव्हर आधी हसला, मग त्याने हात झटकला, मग तो तिच्याकडे पाठ करून बसला. ती त्याच्या टेबलाशी उभी राहिली. हॉटेलवाला काहीतरी म्हणाला. तरी उभीच. शेवटी त्या माणसाने कप आपटला, बाहेर आला, टेम्पो सुरू केला आणि वीस-पंचवीस पावलं पुढे नेऊन चिंचेच्या सावलीत लावला. मग तिच्याकडे न बघता चहाकडे परत गेला.

मला रस्ता ओलांडायला हवा होता. दहा पावलांचा रस्ता. माझ्या खांद्याला बॅग होती, आणि बॅगेत नव्या पिंजऱ्यांची गुळगुळीत कागदावर छापलेली पत्रकं. एका खणात आता पाच मावतात, असं त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं आणि ते वाक्य मीच लिहून दिलं होतं. मी बॅगेचा पट्टा घट्ट धरून टपरीच्या आणखी आत सरकलो. मधून दोन ट्रक गेले.

ते गेल्यावर पाहिलं तर धाकलीबाई सावलीतल्या टेम्पोभोवती हळूहळू चालत होत्या. प्रत्येक खोक्यापाशी वाकून बघत होत्या, एखाद्याच्या जाळीत बोट घालून आत काहीतरी सोडवत होत्या. एक फेरी झाली. दुसरी सुरू झाली. माझी एसटी आली. खिडकीतून मागे वळून पाहिलं तेव्हा त्या टेम्पोच्या पलीकडच्या बाजूला गेल्या होत्या आणि चाकांच्या मधून फक्त त्यांची पावलं दिसत होती, चालणारी.